पायानं काढलेली अक्षरं

...आणि वर मलाच म्हणायचं, "आई, तू किती काळजी करतेस!" मी? तुम्हाला सांगते, मी अजिबात काळजी करणाऱ्यांतली नाही! पोटची पोर चौदाव्या वर्षी लांब उडी मारते काय, वाळूत पाय वाकडा पडून उजव्या घोट्याची लिगामेंट तुटते काय, ऑपरेशन होतं काय... मग आईनं दोन-चार प्रश्न विचारायचे नाहीत? तर डॉक्टर म्हणतात, "अहो, भूल तिच्याऐवजी तुम्हालाच द्यायला हवी होती!"

ऑपरेशननंतर पायात चढवलेला तो जाडजूड बूट सहा आठवड्यांनी निघाला, तर आत पाय कसला? छत्रीची दांडी! मग आल्या फिजिओथेरपीच्या बाई. "रोज दोनदा पायाच्या अंगठ्यानं हवेत अक्षरं काढायची. घोटा सगळीकडून वळतो." अक्षरं! म्हटलं, चला, इथं तरी आपल्याला काही कळतं.

झालं! लेक सोफ्यावर आडवी, पाय हवेत, समोर खुर्ची टाकून मी. "वरची रेघ कोण देणार?" "आई, हवेत रेघ दिसते का?" "मला दिसते!" नवरा पेपराआडून म्हणतो, "अगं, तिला उडी मारायचीय, पाट्या रंगवायच्या नाहीत." पण 'ज्ञ' काढताना घोटा अडखळतो, हे कुणाच्या लक्षात आलं? माझ्याच ना? वहीत लिहून ठेवलं. काळजी नव्हे हो, नुसती नोंद!

एक दिवस पाय भराभर चालला. मी मोठ्यानं वाचतेय... "आ... ई... बा... हे... र... जा." आता बोला! जन्मदात्या आईला पायानं हाकलायचं? पण त्या 'जा'चा काना काय सरळ उतरला होता म्हणून सांगू! अपमान गिळला आणि लगेच फोन लावला, "बाई, काना जमला!"

पाच महिन्यांनी बाई म्हणाल्या, "हिनं त्या एका पायावर वीस उड्या मारल्या, दुखलं नाही. आता मैदानावर जाऊ दे." शाळेतल्या खेळाच्या सरांनी संमतीचा फॉर्म पाठवला, पालकांची सही हवी. मी करणारच होते! फक्त पेन सापडेना... तीन दिवस. पोर भांडली असती तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी गुपचूप आडवी झाली, पाय वर केला आणि सावकाश लिहिलं, "स... ही... क... र." 'ही' दीर्घ! डोळ्यात काहीतरी गेलं माझ्या... केली सही.

काल पहिली उडी. मी कठड्याला घट्ट धरून. ती धावली, फळीवर नेमका तोच पाय आपटला, हवेत गेली आणि... खाली येईचना हो! मग एकदाची वाळू उडाली. उठली. चालली! सर ओरडले, "शाब्बास!" आणि ही पोर किती लांब पडली ते बघायचं सोडून माझ्याकडे बघून फिदीफिदी हसतेय.

"काय झालं गं?"

"आई, पाय टेकव."

बघते तर मी एका पायावर! उजवा वर, घोटा जपून! कठड्याशी शेजारी उभ्या असलेल्या बाई कधीपासून बघत होत्या कोण जाणे. टेकवला... पण दुसऱ्या उडीला ती धावायला लागली मात्र, गेला पुन्हा वर!

पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. सहा उड्या असतात म्हणे. मी काही काळजी करणाऱ्यांतली नाही... पण डाव्या पायावर उभं राहायचा सराव आजपासून सुरू केलाय.