कवळी आणि कानउघाडणी

डॉक्टर : टोचतंय का कुठे?

आजी : नाही. छान आहे.

डॉक्टर : बोलताना कवळी सैल होते? वरची खाली येते?

आजी : छान आहे.

आजोबा : डॉक्टरबाई, मी मध्ये बोललो तर चालेल? म्हणजे, नसेल चालत तर राहू दे.

डॉक्टर : बोला की आजोबा.

आजोबा : ही खोटं सांगतेय. बेचाळीस वर्षांच्या संसारात हिनं एकाही गोष्टीला छान म्हटलेलं नाही. लग्नातल्या माझ्या कोटालासुद्धा नाही.

आजी : आखूड होता.

आजोबा : ऐकलंत? दहा दिवसांत हे पहिलंच!

डॉक्टर : पहिलं काय?

आजोबा : पहिलं नाव ठेवणं. कवळी बसवल्यापासून घरात नुसती शांतता आहे. परवा मी ओला टॉवेल हिच्या उशीवर टाकला. हिनं तो उचलला, वाळत घातला. एक शब्द नाही!

आजी : उशीकडे तुमचं लक्ष नव्हतं ना?

आजोबा : होतं. मुद्दाम टाकला.

आजी : मुद्दाम!

डॉक्टर : आजोबा, माझ्याकडे नवरे उलटी मागणी घेऊन येतात. हिच्या तोंडाला जरा आराम पडू दे, म्हणतात.

आजोबा : त्यांचं त्यांच्यापाशी. मला वाटलं, हिनं मला सोडून दिलं. म्हणजे मनातून. ज्याच्यात काही सुधारणा होणार नाही, त्याला कोण कशाला रागावेल?

डॉक्टर : दहा दिवसांपूर्वी काही झालं होतं का?

आजी : काही नाही.

आजोबा : बाजारात गेलो होतो. टोमॅटो मी निवडले. ते हिनं पाहिले आणि मला काहीतरी म्हणायला गेली, तर वरची कवळी निसटून थेट भाजीवाल्याच्या पाटीत. तो बिचारा सभ्य. दोन बोटांत धरून म्हणाला, ‘आजी, ही तुमचीच का?’

आजी : हसा. हसून घ्या, डॉक्टरबाई.

डॉक्टर : नाही हसत. खोकला आला. आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत? अहो आजी, तुम्ही नावं ठेवल्याशिवाय मला कळणार कसं, कुठे घासायचं ते? मोठ्यानं बोलून दाखवा बघू. मी इथे एक ते वीस आकडे म्हणायला लावते.

आजोबा : आकड्यांनी नाही व्हायचं. आकडे का कोणी चिडून म्हणतं? माझ्याकडे शब्द आहेत. म्हणजे एक वही आहे. फार काही नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, त्यामुळे शब्द टिपायची खोड. हे सगळे रागावण्याचे आहेत.

आजी : वही घेऊन आलात? दवाखान्यात?

डॉक्टर : वाचा आजोबा. आजी, त्यांच्यामागून म्हणा.

आजोबा : झापणे.

आजी : झापणे.

डॉक्टर : ठीक. पुढचा.

आजोबा : खडसावणे.

आजी : खडस्सावणे.

डॉक्टर : ‘स’ला शीळ वाजतेय. पण झापणं आणि खडसावणं एकच ना?

आजोबा : छे छे! म्हणजे, माझ्या अल्पमतीप्रमाणे. झापणं उभ्याउभ्या होतं, जाता जाता. खडसावायला थांबावं लागतं. कानउघाडणी करायची तर आधी दार लावून घेतात. त्यात माया असते. आणि बिनपाण्यानं हजामत करायची तर दार सताड उघडं हवं, बघायला माणसं हवीत.

डॉक्टर : आणि टोमणा?

आजोबा : त्याला तिसरं कोणीतरी लागतं. बघायचं त्याच्याकडे, बोलायचं दुसऱ्याला.

डॉक्टर : माझ्या सासूबाई भांड्यांकडे बघून बोलतात.

आजोबा : भांडी चालतात.

आजी : माझं तोंड उघडं ठेवून गप्पा काय मारताय दोघं?

डॉक्टर : वा! हे अगदी स्पष्ट आलं. पुढचा शब्द?

आजोबा : खरडपट्टी.

आजी : खरडपट्टी.

आजोबा : धारेवर धरणे.

आजी : पुढचा सांगा.

डॉक्टर : हा का नको?

आजी : ‘ध’ नको. त्या दिवशी ‘ध’लाच पडली.

डॉक्टर : असं होय! त, थ, द, ध म्हणताना जीभ दातांच्या मागे टेकते.

आजोबा : दंत्य वर्ण.

डॉक्टर : तेच. तिथे कवळी जाड राहिली असणार, जीभ तिला ढकलते. काढा बघू. पाच मिनिटं द्या. आजोबा, बाजारात आजी काय म्हणत होत्या?

आजोबा : ते... ‘काय ध्यान आहे!’ मला म्हणते ती नेहमी. म्हणायची.

(घासायच्या यंत्राची घरघर. तेवढ्यात आजी नवऱ्याच्या हातातली वही ओढून घेते आणि पानं उलटू लागते.)

डॉक्टर : झालं. बसवा आणि म्हणा.

आजी : धारेवर धरणे. धडा शिकवणे. धारेवर... अगं बाई, हलली नाही! आणि काय हो डॉक्टरबाई, दहा दिवस ही फळी माझ्या तोंडात कोंबून ठेवलीत ती? हात लावून बघायचं नाही आधी? दात बसवता की दारं?

डॉक्टर : चुकलं, आजी.

आजोबा : दोन्ही ‘द’ किती स्वच्छ आले!

आजी : तुम्ही गप्प बसा. हे शेवटच्या पानांवर काय लिहिलंय? ‘ध्यान. सदरा उलटा घातला. रागाने.’ ‘ध्यान. भर लग्नात दुसऱ्याच नवरीला आहेर दिला. रागाने.’ ‘ध्यान. मुलगी झाली, दवाखान्यात दोन वेगवेगळ्या चपला घालून गेलो. रागाने.’ ‘ध्यान. टोमॅटो. रागाने.’ पुढे कोरं.

आजोबा : पुढे तू म्हणालीच नाहीस.

आजी : हे चूक आहे.

आजोबा : कुठे? ऱ्हस्व-दीर्घ?

आजी : इतकी वर्षं लोकांच्या चुका काढल्यात आणि स्वतःच्या वहीतली दिसली नाही? मुलीला कुशीत घेऊन पडले होते. तुम्ही दारात घामाघूम, एका पायात काळी, दुसऱ्यात तांबडी. त्या दिवशी मी रागावले होते होय?

आजोबा : नव्हतीस?

आजी : काय ध्यान आहे! पेन्सिल द्या इकडे.

आजोबा : घे. काय लिहितेस?

आजी : लिहीत नाही. ‘रागाने’ खोडतेय.

आजोबा : सगळीकडचं?

आजी : टोमॅटो सोडून.