जाकीरभाईंचा पासवर्ड

शहाद्याच्या स्टँडवर रंजिता म्हसावदच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर सायबर कॅफेवाले जाकीरभाई. कॉलेजात असताना तिचा ईमेल त्यांनीच उघडून दिला होता. आज त्यांनी तिला ओळखलंही नाही. तेवढ्यात नवा मोबाइल नाचवत भूपेंद्र त्यांच्यापुढे आला.

“जाकीरभाई, मन्हा ईमेल तुम्हीच उघाडेल शे ना? हाऊ फोन पासवर्ड मांगी ऱ्हायना.”

“अतिका एक दोन तीन टाक.”

“वीस वरीस झालं, तरी याद शे?”

“मन्ही पोरनं नाव कसं भुलसू? सगळासले तोच दियेल व्हता.”

“सगळासले?”

“लोणखेडाना आख्खा कॉलेजले. पोरं रोज भुली जायेत. मंग एकच ठेवी दिधा.”

“म्हंजे मन्हं टपाल कोनीबी वाचू शके?”

“तव्हय एक पान उघडाले पाच मिनिट लागेत, भाऊ. मांगे ही रांग! दुसरानं वाचाले कोनले येळ व्हता?”

“आनि आते?”

“आते... बदली टाक. लगेच बदली टाक.”

म्हसावदची गाडी लागली, भरली, सुटलीही. रंजिता जागची हलली नाही. पदराआड मोबाइल धरून ती घाईघाईने पासवर्ड बदलत होती. इतकी वर्षं तो तिने नवऱ्यालाही कळू दिला नव्हता.