देव्हाऱ्याकडे पाठ

आमच्या सासूबाईंना घेऊन जपानमध्ये नागोयाजवळच्या एका जुन्या बाजारपेठेत व्यापाऱ्याचं दोनशे वर्षांचं घर बघायला गेलो होतो. आतल्या खोलीत भिंतीत मोठा कोनाडा, त्यात एक चित्र टांगलेलं, खाली एकच फूल. घराच्या म्हाताऱ्या मालकांनी सासूबाईंना कोनाड्याकडे पाठ करून बसायची खूण केली. इथे ती मानाची जागा.

"देवाकडे पाठ करून बसू होय?" म्हणत सासूबाई हात जोडून उलट्या बसल्या, मालकांकडे पाठ करून.

मालकांनी त्या पाठीला वाकून नमस्कार केला आणि मागूनच चहा दिला. मग मला हळूच विचारलं, "आईंना चित्र आवडलं का?"

"त्यांना तो देव वाटतोय."

मालकांनी चित्र नीट बघितलं. "तो मुळा आहे. आजोबांनी काढलेला."

मी सासूबाईंना सांगितलं.

"दिसतंय मला," हात जोडलेलेच ठेवून त्या म्हणाल्या. "ज्याचा त्याचा देव."