तात्यांच्या भिंतीवरचा फोटो

आमच्या इस्लामपूरच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, तत्त्व लय कडक हाय गड्या. त्यांची पोरगी सुषी एका पोराबरोबर फिरती, हे त्यांच्या कानावर गेलं. पोरगं चांगलं, स्वतःचं गॅरेज हाय. पण बांधाच्या भांडणात भावकीतल्या एकाचं डोकं फोडलं म्हणून दीड वर्ष जेलात बसून आलेलं.

तात्यांनी आमच्या सगळ्यांसमोर सुनावलं, "जेलातनं आलेल्याला माझा उंबरा चढू देणार न्हाई."

मी म्हणलं, "आवं तात्या, त्यानं चूक कबूल केली, शिक्षा भोगली."

"तरी बी डाग तो डागच."

सुषीनं नुसतं भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. तात्यांचे लाडके साहेब जेलातनं सुटले, तवाचा फोटो. वर जेसीबीतनं फुलं पडत्यात आणि तात्या साहेबांना हार घालत्यात.

"ह्यांची केस अजून चालू हाय, जामिनावर हायती. माझा शिक्षा पुरी करून आलाय. तुमी ह्यांना हार घातलासा, मी त्याला घालती."

तात्या उठले आणि चहा न पिताच रानात गेले.

लग्नाला अजून न्हाईच म्हणत्यात. फोटो तेवढा कपाटामागं गेलाय.