रेडिओवाली मुलं

मी आज मानसशास्त्र शिकवते ना, ते दोन बायकांच्या कृपेने. एक आमच्या कॉलेजच्या मॅडम, आणि दुसरी माझी आई, जिने माझ्या प्रयोगाची पार वाट लावली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. मुलुंडच्या आमच्या घरी मी बिल्डिंगमधल्या मुलांना काही शब्द पाठ करायला दिले. अर्ध्यांना शांततेत, अर्ध्यांना खरखरणारा रेडिओ लावून. मग थोडा वेळ आईजवळ स्वयंपाकघरात बसायचं आणि बाहेर येऊन आठवतील ते शब्द लिहायचे. झालं काय, तर रेडिओवाली मुलंच पुढे. गोंगाटाने स्मरणशक्ती वाढते, असं मी लिहूनसुद्धा टाकलं.

मॅडमनी आकडे बघितले आणि म्हणाल्या, "मधल्या वेळात आई काय करत होती, विचारून ये."

आई म्हणाली, "त्या बिचाऱ्यांच्या कानाशी तू रेडिओ लावलास. मी त्यांना चहा दिला आणि शब्द दोन-दोनदा म्हणवून घेतले. नापास झाली असती गं पोरं."

"आणि बाकीच्यांकडून?"

"त्यांना कशाला? त्यांनी शांतपणे वाचलं होतं की."

सबमिशन तोंडावर, मी रडकुंडीला आलेली. मॅडम म्हणाल्या, "आकड्यांना हात लावू नकोस. आईने काय केलं, तेवढं जसंच्या तसं लिही." त्याच पानासाठी त्यांनी मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले.

आता माझ्या विद्यार्थ्यांचे आकडे फारच झकास आले, की मी आधी एवढंच विचारते, "मध्ये चहा कोणी दिला?"