नजमाचे दात

आखातातल्या बरक्याच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघे मराठीत बोलत होते. एक मोबाइल बघणारा तरुण, दुसरा तबेल्यात काम करणारा पन्नाशीचा माणूस.

"रामकृष्णदादा, बातमी बघा. खाण्यासाठी घोडे मारायला बंदी येतेय. परदेशात कायदा करतायत."

"खाण्यासाठी? घोडे? काहीतरीच काय बोलतोस, साई!"

"अहो, फोटो आहे ना! म्हातारी जनावरं लांबून विकत आणतात."

"म्हातारी कशाला आणतील?"

"मांसाला. तुमची ती लाडकी घोडी गेली ना गेल्या वर्षी?"

"नजमा? ती पोरांना घोडेस्वारी शिकवायला गेली. व्यापाऱ्याने आमच्या मालकाला, अर्बाबला, तसंच सांगितलं."

"मग पळवून बघितली असेल त्याने."

"नाही."

"दात तरी बघितले असतील. घोडा घेणारा आधी दात बघतो, तुम्हीच सांगता."

"नाही रे."

"मग बघितलं काय?"

"वजनकाट्यावर उभी केली. म्हणाला, अजून अंगाने भरू दे, महिन्याने नेतो."

"अरे देवा!"

"महिनाभर मी माझ्या हाताने खजूर चारला तिला, साई. म्हटलं, नव्या घरी जाताना हाडं दिसायला नकोत."