ठाण्याच्या पायरीवरचा डेलिया

मी गणेश जगदेव इंगोले, वय २४ वर्षे, शिक्षण सहावी, धंदा फरशी बसवणे, राहणार इंझोरी, हल्ली मुक्काम सोलन, हिमाचल प्रदेश. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो की,

गावी आई मनकर्णाबाई व वडील राहतात. मी एका ठिकाणी टिकत नाही. सुरत झाले, बेंगळुरू झाले, आता सोलन. तिथे ज्या बंगल्यात काम होते तेथील माळ्याने डेलियाचे कंद देऊ केले. पिवळा, पांढरा व काळपट लाल, असे फोटो मी मोबाइलवर पाठवून काळपट लाल पक्का केला. कोणाला पाठवले असे विचारले असता, वैभवीला. ती शिरपूर जैनची असून आमची सोयरीक चालू आहे. तिच्या घरचे येत्या रविवारी घर पाहायला येणार आहेत. घर साधे आहे. दारात फुले असावीत, एवढेच मनात होते.

पोळ्यानंतर सुटीत येऊन कंद मी स्वतः कुंड्यांत लावले. काठी आधी रोवली, नंतर रोवली तर कंदात घुसते. मग परत कामावर गेलो.

पुढे आई माहेरी लग्नाला गेली. शेजारच्या सोजरबाईला "झाडाईले पानी घालजो" सांगून गेली. सोजरबाईचा हात हरभऱ्याचे शेंडे खुडण्यात बसलेला. तिने पाणी घातले आणि डेलियाचे सगळे शेंडे कळ्यांसकट खुडून बकरीला टाकले. आई आल्यावर म्हणाली, "काहून खुडले वं?" ती म्हणाली, "फुटवे येतीन म्हनून. तुले काय समजते त्यातलं?" पुढचे बोलणे मी फोनवर ऐकले, ते येथे लिहू नये. आई तशीच खुडलेल्या झाडाची एक कुंडी घेऊन ऑटोने ठाण्यात आली, तक्रार दिली व पुरावा म्हणून कुंडी येथेच ठेवून गेली.

सोजरबाई ही वैभवीची सख्खी मावशी आहे. हे आईला तेव्हाही माहीत होते.

आता रविवार जवळ आल्यावर शिरपूरहून निरोप आला, मावशीवर तक्रार असेल तर आम्ही येत नाही. म्हणून मी मिळेल त्या गाडीने आलो. घरी झाडांना फुटवे फुटून कळ्याच कळ्या आहेत, पण रविवारपर्यंत एकही उमलणार नाही. येथे पायरीवर मात्र आमच्या कुंडीत ताटलीएवढे फूल दिसले. हवालदार मदनसिंग यांनी गेला दीड महिना रोज पाणी घातले व फुटव्यांवरच्या बाकीच्या कळ्या काढून एकच ठेवली, म्हणून ती आधी उमलली, असे ते सांगतात.

आई व सोजरबाई बाहेर बाकावर बसून एकाच डब्यातले खात आहेत. आई तक्रार मागे घेत आहे. सोजरबाई म्हणते, "आधी लिहून घ्या सायेब, खुडनं बराबर होतं." आईची हरकत नाही. तरी तसे लिहावे.

कुंडी रविवारच्या आत परत मिळावी. फुले सरल्यावर एक कंद हवालदार साहेबांना आणून देईन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. फुलाचा रंग एके ठिकाणी नुसता लाल लिहिला होता, तो काळपट लाल करून घेतला.